बॉयलर नसलेलं घर

बावीस वर्षं मी जहाजावर गारवा सांभाळायचं काम करतोय. मालवाहू जहाजांवर फळं, मासळी, औषधं भरलेले थंड कंटेनर असतात, त्यांचं तापमान राखणारा माणूस म्हणजे मी. केळ्यांना साडेतेरा अंश लागतात, कोळंबीला उणे वीस. अर्धा अंश इकडे तिकडे झाला की मला जेवण जात नाही. त्यामुळे रत्नागिरीत नाचणे भागात आम्ही घर बांधायला काढलं तेव्हा फरशी अक्षयाने निवडली, दारं-खिडक्या सुताराने ठरवल्या, देवघराची दिशा भटजींनी सांगितली, आणि तापमान हा विषय मी माझ्याकडे घेतला. मला तो कोणी दिलेला नव्हता.

अक्षया माझी बायको. शहरातल्या एका शाळेत ती आठवी ते दहावीला गणित शिकवते. मी जहाजावरून व्हिडिओ कॉल केला की ती पायऱ्यांची उंची, टाकीची जागा, वायरमन आला की नाही असं काहीतरी सांगत असायची आणि मी मध्येच विचारायचो, "हॉलची पश्चिमेची भिंत किती इंच?" जांभ्या चिऱ्याची भिंत उन्हात किती तापते, रात्री किती वेळ ऊब धरते, याचा मी हिशेब मांडत होतो. घराला स्मार्ट थर्मोस्टॅट लावायचा हे मी पक्कं केलं होतं. म्हणजे भिंतीवर एक यंत्र, त्याला खोलीचं तापमान कळणार, माणसं कधी उठतात, कधी झोपतात हे तो शिकणार आणि एसी आपोआप कमीजास्त करणार. त्या सफरीत मी थर्मोस्टॅटवर जेवढं वाचलं तेवढं परीक्षेसाठी वाचलं असतं तर आज वरच्या हुद्द्यावर असतो.

अक्षयाने एकदाच विचारलं, "एसीला रिमोट असतो ना?"

"रिमोट म्हणजे माणसाने ठरवायचं," मी म्हणालो. "थर्मोस्टॅट स्वतः ठरवतो."

"बरं," ती म्हणाली. वर्गातल्या एखाद्या मुलाला ती असंच बरं म्हणत असणार.

एप्रिलमध्ये जहाज हॅम्बुर्गला दोन दिवस लागलं. मी एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे एका भिंतीभर थर्मोस्टॅटच मांडलेले होते. मला देवळात आल्यासारखं वाटलं. विक्रेता तरुण होता, इंग्रजी सावकाश बोलायचा. त्याने विचारलं, घर केवढं आहे, खोल्या किती. मी नकाशा काढून दाखवला. तो मोबाईलमध्ये होताच. मग त्याने विचारलं, "गॅस की ऑइल?"

हा प्रश्न मला जरा घरगुती वाटला. पण परदेशात सुरक्षेचे नियम कडक असतात.

"गॅस," मी म्हणालो. आणि नीट कळावं म्हणून खुलासा केला, "सिलिंडर. दोन असतात. एक कायम भरलेला."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने एक गोल, काळ्या काचेचा, कडेला चांदीसारखी कड असलेला थर्मोस्टॅट काढून दिला. जवळ गेलं की त्याची काच उजळायची आणि आकडा दिसायचा. तिथल्या तिथे माझी निवड झाली. चार महिन्यांचा अभ्यास आणि शेवटी मी तो उजळतो म्हणून घेतला, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी घरी आलो. वास्तुशांत सतरा तारखेची होती. तीन एसी बसवून झाले होते, एक हॉलमध्ये, एक आमच्या खोलीत आणि एक आबांच्या.

आबा म्हणजे माझे वडील, काशीराम नागवेकर. मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात ते पस्तीस वर्षं मशीनवर होते. मासेमारीच्या होड्यांना लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या तिथे तयार व्हायच्या. आई गेल्यापासून ते बंदराकडच्या जुन्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. वास्तुशांतीच्या आधीच त्यांना नव्या घरी आणायचं, आणि आणायचं तर त्यांच्या खोलीतही एसी हवा, हे मी जहाजावरूनच ठरवलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या माशांना गारवा दिला, आता त्यांनी सुखाने राहावं, असं मी अक्षयाला सांगितलं होतं. वाक्य मला फार आवडलं होतं. आणखी दोघातिघांनाही सांगितलं.

एसी बसवणाऱ्या रितेशला मी थर्मोस्टॅट लावायला बोलावलं. पस्तिशीचा माणूस, गावात त्याचं दुकान आहे, दिवसभर बाईकवर फिरून दुरुस्त्या करतो. अक्षया दहावीच्या सुट्टीतल्या जादा तासांना शाळेत गेली होती आणि आबा अजून यायचे होते. रितेशने खोकं हातात घेतलं, चारी बाजूंनी फिरवलं.

"साहेब, ह्याच्यावर आग काढलीय."

"ते कंपनीचं चिन्ह असेल," मी म्हणालो.

त्याने आतलं पुस्तक काढलं. मी ते उघडलंच नव्हतं. बावीस वर्षं यंत्रं हाताळणारा माणूस पुस्तक वाचत बसत नाही, असं माझं मत होतं. रितेशने इंग्रजीचं पान शोधलं आणि बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग मला दिलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की हे उपकरण फक्त घर गरम करणाऱ्या बॉयलरसाठी आहे. गॅसवर किंवा तेलावर चालणाऱ्या.

"साहेब," रितेश फार हळू आवाजात म्हणाला, "हे घर तापवायचं यंत्र आहे."

बाहेर चौतीस अंश होते. माझ्या पाठीवरून घामाची धार जात होती. हॅम्बुर्गचा तो विक्रेता मला आठवला आणि दोन सिलिंडर आठवले.

तेव्हाच सगळं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण मी चार महिने अक्षयाला भिंतींचे इंच विचारले होते. जहाजावरच्या मित्रांना फोटो पाठवले होते. घरात तापमानातला जाणकार म्हणून मी एकटाच मिरवत होतो, आणि त्या जाणकाराने कोकणात मे महिन्यात हीटरचं बटण आणलं होतं.

"भिंतीवर लावता येईल का?" मी विचारलं.

रितेशने भिंतीकडे बघितलं. "लावता काय, कॅलेंडरसुद्धा लावता येतं. पण करणार काय ते?"

"तापमान दाखवेल."

त्याने मला त्याच्या पिशवीतली साबणाच्या डबीएवढी पांढरी वस्तू दाखवली. आपल्याकडच्या एसीला हेच चालतं, म्हणाला. खोलीचं तापमान बघतं आणि रिमोटसारखा इशारा एसीला देतं, मोबाईलवरूनही चालतं. मी ती हातात घेऊन परत दिली. असल्या खेळण्याने घर चालत नाही, असं मी खरोखर म्हणालो. हॉलच्या भिंतीत भोक पाडून रितेशने अडॅप्टर जोडला, थर्मोस्टॅट डोळ्यांच्या उंचीवर बसवला आणि कुणाला काही बोलू नये या माझ्या विनंतीवर मान डोलावून गेला.

तेव्हापासून माझं दुहेरी आयुष्य सुरू झालं.

थर्मोस्टॅट भिंतीवर उजळायचा. मी त्याची कड फिरवून पंचवीस करायचो आणि दुसरा हात बर्म्युडाच्या खिशात घालून तिथल्या रिमोटवर पंचवीस करायचो. एसी टिट असा आवाज करायचा. तो आवाज म्हणजे एसीने थर्मोस्टॅटचं ऐकल्याची खूण आहे, असं मी अक्षयाला सांगितलं. तिन्ही एसी एकाच कंपनीचे असल्यामुळे एकच रिमोट सगळीकडे चालायचा. बाकीचे दोन मी कपाटात टाकले. आबा राहायला आल्यावर मी रोज दुपारी त्यांच्या खोलीत डोकावायचो आणि तिथे चोवीस करून यायचो, कारण वयस्कर माणसाला चोवीस सुखाचं असतं हे मी वाचलं होतं. आबा खाटेवर पेपर वाचत असायचे. अंगात विटकरी रंगाचा स्वेटर. मे महिन्यात स्वेटर बघून मला वाटलं, वय झालं, सवयी बदलतात.

थर्मोस्टॅट मोबाईलवर निरोप पाठवायचा. एकदा आला, "उन्हाळा सुरू झालेला दिसतो. बॉयलरला विश्रांती देऊ का?" मी हो म्हटलं. आठवड्याच्या शेवटी अभिनंदन आलं. त्या आठवड्यात आमच्या घराने एकदाही उष्णता वाया घालवली नव्हती. खाली हिरव्या झाडाचं चित्र होतं. मजकूर अंगठ्याखाली झाकून मी ते झाड अक्षयाला दाखवलं.

"छान," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू ती बर्म्युडा धुवायला टाकणार आहेस का कधी?"

वास्तुशांतीला साठ-सत्तर माणसं आली. जेवणं झाल्यावर पाहुण्यांना घर दाखवताना मी प्रत्येक तुकडीला शेवटी हॉलच्या भिंतीपाशी आणत होतो. न दाखवता भागलं असतं. कुणी विचारतही नव्हतं. पण झब्ब्याला खोल खिसा होता आणि एवढी तयारी वाया घालवणं माझ्याच्याने झालं नाही.

तिसऱ्या तुकडीत अजिंक्य होता. अक्षयाचा धाकटा भाऊ, गणपतीपुळ्याला त्याचं बारा खोल्यांचं लॉज आहे. बोलका, चटकन हो म्हणणारा आणि हो म्हटलं की लगेच कामाला लागणारा माणूस.

"भावोजी, मी फिरवून बघू?"

त्याने कड फिरवून बावीस केलं. मी खिशात बोटांनी चाचपडत बटण दाबलं. टिट. गार झोत आला. अजिंक्यने हात वर करून झोत अंगावर घेतला.

"पर्यटक लोक सोळावर एसी लावून समुद्रावर निघून जातात," तो म्हणाला. "खोली रिकामी, एसी चालू. हे असलं तर आपोआप बंद होईल ना?"

"आपोआप," मी म्हणालो.

"मग मला बारा पाहिजेत."

साठ माणसांच्या गलक्यात मला ते हसण्यावारी नेता आलं असतं. मी म्हणालो, "बघू, जहाजावरच्या कुणाला तरी सांगतो." वर हेही म्हणालो की हॅम्बुर्गला माझी ओळख आहे.

चारच दिवसांनी त्याने मला फोटो पाठवला. लॉजच्या दाराशी नवी पाटी रंगवली होती: प्रत्येक खोलीत स्मार्ट थर्मोस्टॅट. खाली त्याने लिहिलं होतं, पुण्याच्या दोन कुटुंबांनी पाटी वाचून जूनचं बुकिंग केलं. तुमच्या मित्राला आजच कळवा. त्यानंतर तो रोज फोन करायला लागला. मी कधी बाथरूममध्ये असायचो, कधी रेंज नसायची. जांभ्याच्या भिंतींतून रेंज येत नाही, हे मात्र खरं होतं आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

एका दुपारी अक्षया शाळेच्या निकालाच्या कामाला गेली होती. मी हॉलमध्ये आंबे कागदात गुंडाळून ठेवत होतो. आबा खोलीतून आले, थर्मोस्टॅटसमोरच्या खुर्चीवर बसले. स्वेटर होताच.

"सदू," ते म्हणाले, "हेची तार कुठं जाते रे?"

"वायरलेस आहे, आबा."

"मग भिंतीत भोक कशाला?"

"अडॅप्टरसाठी."

"म्हंजे वीज येते. पुढं जात कुठंच नाय."

मी आंबा गुंडाळत राहिलो. एकाच आंब्याला तीन कागद झाले.

"तुम्हाला कधी कळलं?" मी शेवटी विचारलं.

"आलो त्याच दिवशी. यंत्राला हात लावताना तुझा दुसरा हात खिशात जायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी वास्तुशांत होती. चारचौघांत कशाला? म्हटलं, असूदे, भिंतीवर दिवा आहे, कुणाचं काय जातंय." त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. "पण अजिंक्यचा काल मला फोन आला. तू उचलत नायस म्हणून. तो बारा मागवतोय. त्याला सांग."

"सांगतो."

"आज सांग."

मी मान हलवली. शेंदूर लावल्यासारखे माझे कान लाल झाले होते. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला बापाकडून असं ऐकून घेणं जड जातं, आणि ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. काहीतरी दुसरं बोलावं म्हणून मी विचारलं, "तुम्हाला बरं नाही का? सारखा स्वेटर घालता."

"थंडी वाजते."

"एसी चोवीसवर असतो, आबा. चोवीस म्हणजे वयस्कर माणसाला..."

"तुला आकडा माहीत असेल. मला थंडी वाजते."

त्यांनी डावा हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पांढुरकं, टोकाशी जरा आखडलेलं. ती बोटं मी लहानपणापासून बघत आलोय. ती तशीच असतात असं मी धरून चाललो होतो.

"बर्फाच्या लाद्यांचे डबे काढून काढून झालंय हे," आबा म्हणाले. "गारवा लागला की ठणकतात. पस्तीस वर्षं गारठ्यातच काढली, सदू. पण तेव्हा त्याचा पगार मिळत होता."

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. "मग बंद का करत नव्हता?"

"रिमोट तुझ्या खिशात."

तीन आठवडे मी दर दुपारी जाऊन त्या माणसाची बोटं दुखवून येत होतो, आणि येताना समाधानाने येत होतो. कंटेनरमधल्या कोळंबीला काय हवं हे मला पाठ होतं. आबांना काय हवं हे मी विचारलं नव्हतं, कारण मला ते माहीत आहे अशी माझी खात्री होती. मी उठून त्यांच्या खोलीतला एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि तिन्ही रिमोट आणून टेबलावर ठेवले. आबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी एक आंबा उचलला, नाकाशी नेला आणि हा उद्या खायला हरकत नाही असं सांगितलं.

अक्षया आल्यावर मी म्हणालो, गणपतीपुळ्याला जाऊन येऊ, अजिंक्यकडे काम आहे. आरे-वारेच्या रस्त्याने निघालो. गाडी चालवताना समोर बघावं लागतं, म्हणून मी ती जागा निवडली होती. हॅम्बुर्गपासून सगळं सांगितलं. सिलिंडरांचंही सांगितलं.

डावीकडे समुद्र, उजवीकडे चढ. मला वाटलं हसेल. मी तिला हसायला जागा ठेवतच सांगितलं होतं.

"तू बाजारात गेलास की मी तो फिरवायचे," ती म्हणाली.

"काय?"

"थर्मोस्टॅट. शाळेतून उकडून यायचे, तू नसायचास. मी अठ्ठावीसचा पंचवीस करायचे आणि काही व्हायचं नाही. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. ते पुस्तक मी शोधलं, मिळालं नाही." पुस्तक मी माळ्यावर लपवलं होतं. "इंटरनेटवर बघितलं. दोन दिवस मी ते शिकायचा प्रयत्न केला, सदानंद. मग तू यायचास, तू फिरवलं की लगेच टिट. मी वर्गात पोरांना सांगते, येत नसेल तर विचारा, लाजू नका. आणि मला तुला विचारायची लाज वाटली."

ती मला नेहमी सदू म्हणते. सदानंद म्हणाली तेव्हा मी गाडी कडेला घेतली. मी माझी फजिती सांगत होतो, सगळ्या गोष्टीत हास्यास्पद माणूस मीच आहे अशा थाटात. तिने उकाड्यात माझ्या त्या काचेसमोर उभं राहून स्वतःला मठ्ठ समजलेलं माझ्या गोष्टीत कुठेच नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "चल आता. त्याच्याकडे सहानंतर गर्दी होते."

अजिंक्य पाटीखालीच उभा होता, पाहुण्यांच्या गाड्या मागे-पुढे करायला लावत. मी त्याला बाजूला घेतलं. अक्षयाही आली. मला आधार द्यायला नाही, मी काही गाळतो का ते बघायला. मी काहीही गाळलं नाही. सगळं ऐकून अजिंक्यने आधी बहिणीकडे बघितलं, ती हो म्हणाल्यावर माझ्याकडे.

"म्हणजे मी बारा हीटर घेणार होतो."

"हीटर नाही. हीटर चालवायचं बटण."

"आणि तुम्ही माझा फोन उचलत नव्हता."

"नाही."

तो रागावला. चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्याने लपवलंही नाही. "पाटी हसण्यावारी जाईल, भावोजी," तो म्हणाला. "पण लोकांनी ती वाचून खोल्या घेतल्यात. ते आले की मी त्यांना काय दाखवू? तुमचा खिसा?"

मी रितेशच्या त्या साबणाच्या डबीएवढ्या वस्तूबद्दल सांगितलं, आणि तिला मी खेळणं म्हणालो होतो तेही. अजिंक्यने तिथल्या तिथे रितेशला फोन लावला. रितेशने फोनवर सगळं दोन मिनिटांत समजावलं आणि दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. आधी चारच खोल्यांत लावून बघा, चाललं तर बाकीच्यांत लावू, असा शहाणा सल्ला त्याने दिला. मी तिथे असून मला कुणी काही विचारलं नाही. मला ते लागलं, आणि लागलं म्हणून स्वतःचाच राग आला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बाराही खोल्यांत त्या डब्या लागल्या. पाटी तशीच राहिली, कारण अजिंक्य म्हणतो ती आता खोटी नाही. माझ्याशी तो पहिल्यासारखा बोलायला लागायला जरा वेळ लागला. आता पाहुण्यांना मासे वाढताना तो हॅम्बुर्गच्या सिलिंडरांची गोष्ट सांगतो. मी तिथे असलो तर माझ्याकडे हात करून सांगतो.

आमच्या घरीही हॉलमध्ये आणि आमच्या खोलीत रितेशने त्याच डब्या लावल्या. मोबाईलवर त्यांचा ताबा अक्षयाकडे आहे. माझ्याकडेही आहे, पण मी काही बदललं की तिला निरोप जातो, अशी सोय तिने स्वतः शोधून काढली. हॅम्बुर्गचा थर्मोस्टॅट तिने भिंतीवरून उतरवून शाळेत नेला. नववीच्या मुलांना आलेख शिकवताना ती तासातासाचं तापमान त्याच्यावरून घेते. मुलांना तो फार आवडतो, जवळ गेलं की उजळतो म्हणून.

राहिला आबांच्या खोलीतला एसी. तो काढून टाकू, आबा म्हणाले, भिंतीवर नुसता बसलाय, त्याच्या जागी मला कपड्यांची खुंटी हवी. मी रितेशला बोलावणार होतो. आबा म्हणाले, "घरात ह्या कामाची दोन माणसं असताना?"

एका सकाळी आम्ही बसलो. एसी काढण्याआधी त्यातला गॅस बाहेरच्या यंत्रात ओढून कोंडायचा असतो. बाहेरच्या बाजूला दोन नळ्या, एक जाड, एक बारीक, दोन्हींना व्हॉल्व. आबांनी असला एसी आयुष्यात उघडला नव्हता. त्यांच्या कारखान्यात अमोनियावर चालणारी दोन खोल्यांएवढी मशीन होती. ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून नळ्यांकडे बघत राहिले. मी आत जाऊन एसी चालू करून आलो, पाना घेतला आणि जाड नळीचा व्हॉल्व बंद करायला वाकलो.

"थांब," आबा म्हणाले. "बारीक आधी."

मी थांबलो. नियमच तो आहे. बारीक नळी आधी बंद करायची, मशीनला गॅस ओढू द्यायचा, मग जाड. हजारदा केलेलं काम आणि हात भलतीकडे गेला होता.

"बोलत बोलत काम करतोस म्हणून," आबा म्हणाले. खरंतर मी काहीच बोलत नव्हतो. पण त्यांनी काढून दिलेली सबब मी घेतली.

मी बारीक नळी बंद केली. आबा खुर्ची पुढे ओढून वाकले आणि उजव्या हाताची बोटं, चांगली बोटं, जाड नळीवर ठेवून बसले. मशीन घरघरत होती. मी मोबाईलवर वेळ लावायला गेलो, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. नळीचा गारवा उतरत जाताना त्यांच्या बोटांना कळत होता. मी बाजूला उकिडवा बसलो, पाना हातात धरून. नारळावर कावळा ओरडत होता. स्वयंपाकघरातून अक्षयाने विचारलं, चहा आता टाकू की झाल्यावर.

"आता टाक गो," आबा म्हणाले, आणि मला म्हणाले, "हां. आता जाड बंद कर."